न मागता वाढलेली भाकरी

लग्नाआधी चार वर्षं मी ठाकूरद्वारच्या एका खानावळीत जेवलो आणि लग्नानंतरही ती खानावळ मला सुटली नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. कुणाला तपकिरीचं व्यसन असतं, कुणाला गंजिफांचं, तसं मला खानावळीचं होतं. घरी आई होती, बायको होती, दोघींच्या हाताला चव होती. तरी शनिवारी कचेरी लवकर सुटली की माझे पाय आपोआप त्या अरुंद बोळाकडे वळायचे. जुन्या ओळखीच्या माणसांना नुसतं 'काय, बरं आहे ना' म्हणायला चाललो आहे, असं मी स्वतःला सांगायचो आणि पाटावर बसेपर्यंत ते मला खरंही वाटायचं.

खानावळ म्हणजे एक लांबट, धुरकट खोली. दोन्ही भिंतींना लागून पाट, पाटांपुढे केळीची पानं आणि पानांपुढे कमरेच्या वर उघडे वीस-पंचवीस कारकून. अंगरखे, पागोटी बाहेर खुंटीवर राहायची, त्यामुळे आत हेडक्लार्क कोण आणि बिनपगारी उमेदवार कोण हे पोटाच्या घेरावरून ओळखावं लागे. पण तिथली खरी चैन होती ती वाढप्याची. हा गृहस्थ कुणाकडे बघायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही, पण कुणाला काय आवडतं ते त्याला पाठ. मला आमटीचं वेड. तो माझ्यापर्यंत आला की मी 'नको, नको' म्हणत पानावर हात आडवा धरायचो आणि तो माझ्या बोटांमधून भातावर आमटी ओतून पुढे जायचा. चार वर्षांत आमचं याहून जास्त बोलणं झालं नाही, पण एवढ्यावर आमचा घरोबा होता.

लग्न झाल्यावर आई आणि बायको अलिबागेकडच्या गावाहून मुंबईला आल्या आणि ठाकूरद्वारलाच एका वाडीत आम्ही दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. ही प्लेग येण्याआधी तीन-चार वर्षांची गोष्ट. संध्याकाळी बायकोनं केलेल्या आमटीचा भुरका मारून मी म्हणायचो, "छान आहे. पण खानावळीत चिंच जरा बेतानं घालतात." दुसरी असती तर तिनं वाटी उचलून नेली असती. ही तशी नव्हती. ही खानावळीबद्दल चौकशा करायची. मला वाटायचं, बिचारी कृती शिकते आहे. मोठ्या उत्साहानं मी मसाल्याची माहिती द्यायला लागायचो, तर ती मध्येच विचारायची,

"म्हणजे तुम्ही नुसते बसता आणि ते वाढतात?"

"हो. खानावळ आहे ती."

"पुन्हा वाढतात?"

"वाढतात की."

"न मागता?"

"न मागता. पण मी काय सांगत होतो, हिंग ते फोडणीत न घालता..."

"आणि तुम्ही उठल्यावर पान कोण काढतं?"

असल्या प्रश्नांनी मी वैतागायचो. इथे हिंगाचं चाललंय आणि हिला पान कोण काढतं याची पडली आहे.

आमच्याकडची रीत सांगायला हवी. तेव्हा ती बहुतेक घरांत होती. पुरुष आधी जेवायचे, मी ताटावरून उठलो की माझ्याच उष्ट्या ताटात बायको बसायची. तोवर भात गार झालेला असायचा, आमटी तळाला गेलेली असायची. लग्न झाल्यापासून ती नव्या ताटावर बसली नव्हती आणि यात काही वावगं आहे असं मला किंवा आईला वाटत नव्हतं. माशांच्या दिवशी मी तर पापलेटाचा मधला तुकडा मुद्दाम तिच्यासाठी ताटात ठेवून उठायचो आणि आपल्यासारखा प्रेमळ नवरा अख्ख्या ठाकूरद्वारात नसेल असं समजून सुपारी कातरत बाहेर बसायचो.

एका शनिवारी मी खानावळीतल्या मटकीच्या उसळीचं वर्णन करत होतो. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला एकदा तिथं जेवायचंय."

"म्हणजे? घरात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. दुसऱ्या कुणी केलेलं, गरम, बसून जेवायचंय. एकदाच."

मी आधी हसलो, मग मला राग आला, मग माझी पंचाईत झाली. त्या दिवसांत कचेरीत मधल्या सुट्टीत स्त्रीशिक्षणावर वाद रंगायचे आणि मी नेमानं सुधारकांच्या बाजूनं तावातावानं बोलायचो. कचेरीत बोललेलं घरी करून दाखवायची वेळ येईल, अशी मला कल्पना नव्हती. "बघतो," असं म्हणून मी तो विषय तिथे मिटवला. तिनं मात्र तो मिटवला नाही. दर शनिवारी मी घरात पाऊल टाकलं की ती विचारायची, "बघितलंत का?"

शेवटी मी खानावळीच्या मालकांना विचारलं. ते परातीत पीठ चाळत होते. त्यांनी चाळण खाली ठेवली.

"बायका? इथं? अहो, इथं पुरुषमंडळी उघड्या अंगानं जेवतात!"

"अंगरखे घालून जेवा म्हणावं एक दिवस."

"आणि सोवळं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या चार वर्षांच्या हजेरीची काळजी वाटू लागली. मग त्यांनाच दया आली. "असं करा, घरी घेऊन जा. मी बांधून देतो."

घरी नेणं सोपं नव्हतं, कारण घरी आई होती. आईचं सोवळ्याचं शास्त्र तिचं स्वतःचं होतं आणि त्यावर अपील नव्हतं. पाण्यात शिजलेलं अन्न रस्ता ओलांडत नाही. तेलातुपात तळलेलं ओलांडतं. दुधात भिजवलेलं तर काशीपर्यंत जातं. म्हणजे माझी लाडकी आमटी बाद झाली, भात बाद झाला, मटकी बाद झाली. उरल्या पुऱ्या, कांद्याशिवायची भजी आणि श्रीखंड. तेही आईनं उंबऱ्यातच अडवलं आणि मालक कुठले, कुणाचे, याची उलटतपासणी घेतली. मालक तिच्या माहेरच्या शेजारच्या गावचे निघाले. मग मात्र पुऱ्या घरात आल्या आणि सहा आईनंच खाल्ल्या.

बायकोनं काय केलं? पुऱ्या गरम करून आईला वाढल्या. मला वाढल्या. मी म्हणालो, "अगं, तू बस ना." आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी पुढची पुरी तोंडात घातली. सगळ्यांचं झाल्यावर ती माझ्या ताटात बसली तेव्हा दोन पुऱ्या उरल्या होत्या आणि त्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. त्यानंतर तिनं आमची भांडी घासली आणि खानावळीचीही घासली.

"कसं होतं खानावळीचं जेवण?" मी निर्लज्जपणे विचारलं.

"खानावळीचं कुठं? घरचंच होतं," ती म्हणाली. "भांडी तेवढी जास्त."

यानंतर तिनं 'बघितलंत का' विचारणं बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. शनिवारी खानावळीत बसल्यावर वाढपी माझ्या बोटांमधून आमटी ओतायचा आणि ती घशाखाली उतरताना मला तिची आठवण यायची. माझ्या भुकेत आयुष्यात पहिल्यांदा विघ्न आलं होतं आणि त्याचा मला फार राग यायचा.

थंडी सरता सरता आईचा प्रभादेवीचा नवस फेडायचा राहिलाय असं निघालं. आईचे गुडघे धरले होते, म्हणून तिनं आम्हा दोघांना पाठवायचं ठरवलं. मंगळवारी मी कचेरीत पोटदुखीची चिठ्ठी पाठवली. दर्शन होईपर्यंत दोघांनी तोंडात काही घालायचं नाही, अशी अट होती. त्यानंतर खायला आईनं पितळी डब्यात दहा दशम्या आणि लसणीची चटणी दिली. दशम्या दुधात भिजवलेल्या, म्हणजे आईच्या शास्त्रानुसार त्यांना प्रभादेवी काहीच लांब नव्हती.

भायखळ्यापर्यंत आम्ही ट्रामनं गेलो. तिथे एक दमणी केली. दमणीला वर छप्पर होतं, खाली गवत होतं आणि पुढे दोन बैल होते, त्यांतला एक माझ्यासारखाच भुकेला असावा, कारण तो वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला तोंड लावत होता. लालबाग-परळपर्यंत गिरण्यांची धुराडी दिसत होती. लालबागला कुठूनसा भाकरीचा वास आला, तशी बायकोनं छपराखालून मान बाहेर काढून बघितलं. पुढे भाताची रिकामी खाचरं आणि नारळी लागली. दर्शन झालं, ओटी भरून झाली. मी बाहेर येऊन झाडाखाली पंचा पसरला आणि म्हणालो, "आण डबा."

तिनं डबा माझ्यापुढे ठेवला. डब्यात चटणी होती.

"दशम्या?"

"दिल्या. देवळाच्या दारात मागणारे बसले होते."

"दहाच्या दहा?"

"देवीच्या दारात कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही?"

मी बोटानं थोडी चटणी चाखून बघितली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते चटणीचं होतं की दशम्यांचं, हे सांगता येणार नाही.

परत येताना लालबागला गाडीवानानं बैल सोडले. "बैलास्नी पानी दावतो आन् मीबी चार घास खाऊन घेतो," म्हणाला आणि एका चाळीसमोरच्या पडवीत शिरला. पडवीतून भाजक्या भाकरीचा वास येत होता आणि सुक्या बोंबलाच्या कालवणाचा. गिरणीतल्या मजुरांसाठी घाटावरची एक बाई तिथे खानावळ चालवत होती. दुपारची सुट्टी संपून मजूर गिरणीत परतले होते. दोन-तीन माणसं मागे रेंगाळलेली होती.

मी दारात जाऊन उभा राहिलो. चुलीपुढे बसलेल्या, पन्नाशीच्या, हातभर हिरव्या बांगड्या घातलेल्या त्या बाईनं मान वळवली.

"आत या की. उनात काय हुबं ऱ्हाताय?"

"हा... स्वयंपाक कोण करतं इथला?" मी विचारलं.

"म्याच करती. दुसरं कोन करनार, इलायतेची राणी?"

खरं तर मला तिची जात विचारायची होती. स्त्रीशिक्षणावर तासभर बोलणारा मी त्या उंबऱ्यावर उभा राहून तो प्रश्न सभ्यपणे कसा विचारावा याची जुळवाजुळव करत होतो. ती जुळायच्या आत माझी बायको रांजणापाशी जाऊन पाय धुऊन आत शिरली होती. मग मला आत जाणं भाग पडलं. पोटाचीही तीच सूचना होती.

मी पाटावर बसलो. बाईनं पुढे पत्रावळ टाकली, ज्वारीची भाकरी, कालवण आणि मिरचीचा ठेचा वाढला. पहिल्या घासाबरोबर जात, सोवळं, आई, कचेरी, सगळं मी विसरलो. बायको काय करत होती? तिनं भिंतीवरचा विंझणा काढून घेतला होता आणि माझ्या पानावरच्या माश्या वारत ती उभी होती. तिला दुसरं काही सुचलं नाही आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दोन भाकऱ्या झाल्यावर मी प्रेमळ नवऱ्याच्या शिरस्त्यानं अर्धी भाकरी आणि बोंबलाचे दोन चांगले तुकडे पानात ठेवले, तिला खूण केली आणि चूळ भरायला बाहेर गेलो. परत आलो तर माझी पत्रावळ दारातली शेळी चघळत होती आणि बोंबील घेऊन मांजर छपरावर चढलं होतं. आत बायको माझ्याच पाटावर बसली होती. तिच्यापुढे नुकतीच पुसलेली ओली जमीन होती. ती मांडीवर हात ठेवून त्या जमिनीकडे बघत होती.

"पान कुणी उचललं?" मी ओरडलो. "हिला जेवायचं होतं त्यावर!"

"त्या उष्ट्या पानावर?" बाईनं कमरेवर हात ठेवले. "आन् ते कशापायी? माझ्याकडं पत्रावळ्यांचा दुकाळ पडलाय व्हय?"

तिनं उतरंडीशेजारच्या गठ्ठ्यातून एक कोरी पत्रावळ ओढली आणि बायकोपुढे टाकली. बायकोनं तिच्या कडेला बोट लावून बघितलं.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"तुझीच की बाय. हितं बसंल त्येचं पान."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी धोतर सावरत उभा राहिलो. बाई मात्र थांबणाऱ्यांतली नव्हती. ती चुलीपुढे बसून पीठ मळायला लागली होती.

"पाटलावानी हुबं काय ऱ्हायलाय?" ती मला म्हणाली. "म्या थापती, तव्यावरनं उतरंल तशी तुमी वाढा. हात धुतल्यात न्हवं?"

गाडीवान आणि ती दोन-तीन माणसं जेवण थांबवून माझ्याकडे बघायला लागली. पळून जावं असं मनात आलं, पण बैल सोडलेले होते. मी वाकलो. पहिल्या भाकरीनं माझी बोटं भाजली आणि ती अर्धी पानात, अर्धी जमिनीवर पडली. कालवण मी पानात वाढलं आणि आपल्या धोतरावरही वाढलं. कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं. बायकोनं मान खाली घालून पहिला घास घेतला. तो गरम होता, कारण तिनं तोंड उघडून आत वारा घेतला आणि मग ती हसली.

ती जेवताना कशी दिसते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला अडीच वर्षं झाली होती. भाकरीचा काठ ती आधी खाते आणि मऊ भाग शेवटी ठेवते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार कसं? ती बसायची तेव्हा मी बाहेर सुपारी कातरत असायचो. मला फार लाज वाटली, आणि ती बघणाऱ्या माणसांची नव्हती.

तिची भाकरी संपत आली. दुसरी हातात घेऊन मी उभा होतो.

"मागायची वाट बघताय व्हय?" चुलीपुढून आवाज आला. "न मागता घाला की."

मी घातली. मग कालवणाचा वगराळा घेऊन वाकलो. तिनं "नको, नको" म्हणत पानावर हात आडवा धरला आणि मी तिच्या बोटांमधून ओतलं. तिनं वर बघितलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण ठाकूरद्वारच्या खानावळीत वाढपी असं सांडत नाहीत म्हणे."

तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. उठल्यावर ती सवयीनं पत्रावळ उचलायला वाकली, पण बाईनं ती आधीच उचलून शेळीपुढे टाकली होती.

दमणीत बसल्यावर मी म्हणालो, "दोन-चार दशम्या ठेवता आल्या असत्या की तुला."

"आल्या असत्या."

"मग ठेवल्या का नाहीस?"

"ठेवल्या असत्या तर तुम्ही त्या पडवीत पाय टाकला असतात का?"

भायखळा येईपर्यंत मी धोतरावरचा कालवणाचा डाग खरवडत बसलो.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलो. आतून आईचा आवाज आला.

"दशम्या पुरल्या?"

"एकही उरली नाही," बायको म्हणाली. हे खोटं नव्हतं.

"मग तुझ्या हाताला बोंबलाचा वास कसला येतो?"

आईनं वडील गेल्यापासून मासे सोडले होते, पण तिचं नाक शाबूत होतं. बायकोनं सगळं सांगितलं. देवळातले मागणारे सांगितले, घाटावरची बाई सांगितली, शेळीसुद्धा सांगितली. आता प्रायश्चित्त, आता गोमूत्र, आता आईचं सामान बांधून गावाला जाणं. मी वर्तमानपत्रातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

"नव्या पानावर बसलीस?" आईनं विचारलं.

"हो."

"वाढलं कुणी?"

"यांनी."

"पुन्हा वाढलं?"

"हो."

"न मागता?"

"न मागता."

आई म्हणाली, "सव्वीस वर्षं मी त्यांच्या ताटात जेवले. ते सगळा भात आमटीत कालवून ठेवायचे. मला कोरडा भात आवडायचा."

माझे वडील अतिशय प्रेमळ गृहस्थ होते. ताटात चांगला तुकडा ते नेहमी ठेवून उठायचे, हे मला लहानपणापासून आठवतं. ती रीत मी त्यांच्याकडूनच उचलली होती.

"दोघं आधी आंघोळी करा," आई एकदम मोठ्यानं म्हणाली. "विहिरीच्या पाण्यानं. डोक्यावरून." शास्त्र ते शास्त्र.

मी उठलो. दारापर्यंत गेलो तर आतून पुन्हा आईचा आवाज आला, पण हळू.

"पुढच्या मंगळवारी माझे गुडघे जरा बरे असतील असं वाटतंय. नवस माझा, तर एकदा मीच जाऊन यायला हवं."

"दशम्या किती करू?" बायकोनं विचारलं.

"कर चार. मागणारे असतातच तिथं." थोडा वेळ भांड्यांचा आवाज झाला. मग आई म्हणाली, "त्या बाईकडे बिनमाशाचं काही मिळतं का गं?"

मी आंघोळीला न जाता मागे फिरलो, दौत आणि टाक काढला आणि पुढच्या मंगळवारच्या पोटदुखीची चिठ्ठी लिहायला बसलो.